धागा: दाबोळी ते मोपा नक्की किती लांब? (आणि तिथून चिपी)

हैदराबादी_सून

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या परुळ्याला मावसबहिणीचं लग्न आहे. माणसं तीन दिशांनी येणार. आम्ही हैदराबादहून, सोबत सासूबाई, गुडघ्यामुळे त्यांना फार चालवत नाही. ताई आणि भावजी मस्कतहून मोपाला, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावर. काका-काकू पुण्याहून परुळ्याजवळच्या चिपी विमानतळावर येऊ म्हणतायत.

आमची तिकिटं अजून काढलेली नाहीत. दाबोळीचं, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाचं, विमान मोपापेक्षा बरंच स्वस्त दिसतंय. म्हणून बेत असा: आम्ही दुपारी पावणेतीनला दाबोळीला उतरायचं, मोठी गाडी करून मोपाला जायचं, सव्वाचारला उतरणाऱ्या ताईला घ्यायचं आणि सगळे एकत्र परुळ्याला. परतीलाही तसंच उलट. ताईला मोपाला सोडून आम्ही दाबोळीला, संध्याकाळचं विमान.

आता गोंधळ. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर ४० किमी आणि ‘प्रवासाचा वेळ ३३ मिनिटं’ असं आलं. मोबाइलवरचा नकाशा ६२ किमी आणि जवळजवळ दीड तास म्हणतो. मावशी फोनवर म्हणते, ‘तीन तास धर.’ तिघांपैकी कोणाचं ऐकू? त्या भागातल्या लोकांनी सांगावं.

तिकीट_खिडकी

मावशीचं.

आगाऊ_कार्टं

३३ मिनिटं म्हणजे गाडीला पंख लावून. तेही मांडवी पुलावर पोलीस नसेल तर.

धावपट्टी

चेष्टा बाजूला. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

४० किमी हे हवाई अंतर. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि पृष्ठभागावरून सगळ्यात जवळची रेघ किती लांब ते काढायचं. या जोडीचं गणित कागदावरही होतं, कारण दोन्ही विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर आहेत. दाबोळी साधारण १५ अंश २३ मिनिटं उत्तर, मोपा १५ अंश ४५ मिनिटं. फरक २२ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. २२ गुणिले १.८५२ करा, चाळीस-एकेचाळीस येतात. वैमानिक आणि दर्यावर्दी अजून सागरी मैल धरून बसलेत ते याच सोयीसाठी.

आता ३३ मिनिटं. अशी संकेतस्थळं बहुधा एकच ठोकळ सूत्र वापरतात: अंतर भागिले ताशी ८०० किमी, अधिक उड्डाण-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास. ८०० च्या वेगाने ४० किमी म्हणजे तीन मिनिटं. तीन अधिक तीस. मुंबई-दिल्लीसारख्या जोडीला हे सूत्र बऱ्यापैकी जमतं. इथे त्याला अर्थच नाही, कारण या दोन धावपट्ट्यांमध्ये प्रवासी विमान चालत नाही आणि चाललं तरी ८०० चा वेग गाठण्याआधीच उतरायची वेळ होईल. जेट विमान उतरताना धावपट्टीच्या सरळ रेषेत काही सागरी मैल आधीपासून येतं. दाबोळी काय, मोपा काय, धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला निघालेल्या विमानाला आधी उडालेल्या दिशेने जाऊन वळायचं, मग समुद्रावरून किंवा सह्याद्रीच्या बाजूने लांब वळसा घेऊन धावपट्टीसमोर यायचं. चाळीस किलोमीटरसाठी त्याहून कितीतरी जास्त उडणं झालं.

(अवांतर: जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर आहे, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, तीन किलोमीटरहूनही कमी. वारा बरा असेल तर दोन मिनिटांच्या आत संपतं. पण ते आठ-दहा माणसांचं चिमुकलं विमान आणि मध्ये समुद्र.)

चिपीचाही हिशोब देऊन ठेवतो. मोपा ते चिपी हवाई अंतर ४५ किमीच्या आसपास, दाबोळी ते चिपी ७५ च्या आसपास.

रतांबा

आमच्या चिपीचा नाव काढलंत म्हणान लिवतंय. कागदावर पंचेचाळीस किलोमीटर, मग काय तेरेखोलची खाडी पोवान जातलास?

आता सगळ्यांना कळेल असं. मोपा ते परुळे रस्त्याने पासष्ट-सत्तर किलोमीटर. मोपाच्या जोडरस्त्याने महामार्गाला लागायचं, पत्रादेवीला हद्द ओलांडायची, बांदा, तिथून झारापपर्यंत चौपदरी रस्ता उत्तम आहे, सावंतवाडी शहरात शिरावं लागत नाही. इथवर गाडी पळते. नंतर पिंगुळीहून आत वळलात की पाटवरून परुळे. या शेवटच्या टप्प्यात अंतर थोडं आणि वेळ जास्त. अरुंद रस्ता, वळणं, समोरून एसटी आली की एकाने थांबायचं. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, प्रत्येक वाडीत एक लग्न. वरात आडवी आली तर हॉर्न वाजवू नये, खाली उतरून आईस्क्रीम मागावं.

मोपाच्या दारातून परुळ्याच्या मांडवात: पावणेदोन तास सहज, दोन धरा.

वेर्ण्याची_शिफ्ट

मी म्हापशात राहतो आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. हैदराबादी ताईंच्या रस्त्याचा मोठा भाग म्हणजे माझं रोजचं मरण, म्हणून तुकडे पाडून सांगतो.

दाबोळीतून बाहेर पडून सांकवाळवरून कुठ्ठाळी. इथे फारसं काही अडत नाही. कुठ्ठाळीला झुआरी. जुन्या पुलाच्या काळात इथेच दिवस बुडायचा. नवा आठपदरी पूल झाला, एक बाजू २०२२ च्या डिसेंबरअखेर उघडली, दुसरी वर्षभराने, तेव्हापासून झुआरी हा विषयच संपला. गोव्यात गेल्या काही वर्षांत माझ्या आयुष्यात खरा फरक पाडणारं काही झालं असेल तर हा पूल. आगशी, बांबोळीपर्यंत छान जाता.

मग मेरशीच्या अलीकडे गाड्या साठायला लागतात. पणजीत शिरायचं नाही, सरळ मांडवीवरचा अटल सेतू धरायचा. पूल सुरेख आहे, पण तो तुम्हाला उचलून नेऊन सोडतो पर्वरीत. तिथल्या उड्डाणपुलाचं काम निघालं आणि पर्वरी म्हणजे काय ते विचारू नका. मोकळी असली तर दहा मिनिटं. संध्याकाळी सहाला मी तिथे गाडीत बसून जेवणाच्या डब्यातलं उरलेलं खाल्लेलं आहे. नकाशावाला त्या क्षणाची गर्दी पाहून वेळ सांगतो. सकाळी दहाला हैदराबादेत बसून पाहिलेला दीड तास दुपारी साडेतीनला पर्वरीत लागू होत नाही. नकाशात ‘निघण्याची वेळ’ टाकता येते, ती टाकून, तोच वार आणि तीच वेळ धरून बघा.

पर्वरी सुटली की गिरी, म्हापशाचा करासवाडा जंक्शन, कोलवाळचा पूल, धारगळ. मग डावी-उजवी न शोधता मोपाचा जोडरस्ता. २०२४ च्या जुलैमध्ये तो उघडला आणि धारगळच्या आतल्या रस्त्यांची कटकट गेली. सहा-सात किलोमीटर आहे, सुसाट.

माझा अंदाज: दुपारी तीनला दाबोळीहून निघालात तर मोपा पावणेदोन ते दोन तास. संध्याकाळी पाचनंतर निघालात तर अडीच. शनिवार-रविवार असेल तर मी काही बोलत नाही.

जुनोगोंयकार

वाचून गंमत वाटते. आमच्या लहानपणी झुआरीवर पूल नव्हता, तो आला १९८३ साली. तोवर कुठ्ठाळीला फेरीबोट. गाड्यांची रांग, पलीकडे आगशीला उतरायचं, पणजीला परत मांडवी. १९८६ च्या पावसाळ्यात मांडवीचा पूल पडला तेव्हा पुन्हा फेरीबोटीच. दाबोळीचं विमान पकडायचं तर उत्तर गोव्यातले लोक आदल्या दिवशी वास्कोला नातेवाइकांकडे मुक्कामाला जात. पोर्तुगिजांनी पन्नासच्या दशकात तो विमानतळ बांधला तेव्हा म्हापसेकरांचा विचार केला नव्हता एवढं नक्की.

त्यामुळे दोन तासांना कोणी ‘मरण’ म्हटलं की हसू येतं. पण सासूबाई सोबत आहेत, तर ऐका सगळ्यांचं.

घाटमाथा

दाबोळी असताना हा मोपा कशाला काढला, हे मला अजून कळलेलं नाही. दोन विमानतळ, चाळीस किलोमीटरवर! आणि तिसरा चिपी. इकडे कोल्हापूरचा विमानतळ किती वर्षं रखडला ते आम्हाला विचारा.

धावपट्टी

@घाटमाथा, प्रश्न रास्त आहे आणि तो सरकारलाही पडला होता. २००८ च्या धोरणानुसार चालू विमानतळाच्या १५० किमीच्या आत नवा नागरी विमानतळ काढायचा तर केंद्राकडे वेगळी तपासणी होऊन परवानगी लागते. मोपाची कल्पना त्याआधीची. मुळात बेत असा होता की मोपा झाला की दाबोळीची नागरी वाहतूक बंद करायची. दक्षिण गोव्यातून त्याला मोठा विरोध झाला, नंतर दोन्ही चालू ठेवायचं ठरलं.

कारण मात्र साधं आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. धावपट्टी त्यांची, प्रवासी टर्मिनल हे त्याच्या कडेला दिलेलं अंगण. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, म्हणून दाबोळीची प्रवासी विमानं दुपारनंतर आणि रात्री दाटीने येतात. हैदराबादी ताईंना पावणेतीनचं विमान मिळालं त्यात याचाही भाग आहे. आणि दुपारनंतर एकदम विमानं उतरली की बॅगा आणि टॅक्सी दोन्हीकडे रांग लागते, हा वेळ कोणत्याच नकाशात नसतो.

मोपा पठारावर मोकळा बांधलेला, चोवीस तास नागरी. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. मध्ये पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये थांबवली होती, २०२० च्या सुरुवातीला ती मोकळी झाली. परदेशी कंपन्या एकेक करून तिकडे सरकल्या. कतारवाले २०२४ च्या जूनमध्ये गेले.

वेर्ण्याची_शिफ्ट

मोपा पाहिजे की दाबोळी हा वाद इथे सुरू झाला तर धाग्याला शंभर प्रतिसाद होतील आणि त्या बाईंचं लग्न राहील बाजूला. मडगावच्या माणसाला मोपा पासष्ट किलोमीटर पडतो, तो चिडणारच. पेडण्याच्या माणसाची जमीन गेली, तोही चिडणारच. पुढे चला.

तिकीट_खिडकी

चला. धंद्यातली माणूस म्हणून सांगते. या दोन विमानतळांच्या जोडीने माझ्या गिऱ्हाइकांना जितका घाम फोडलाय तितका दुसऱ्या कशानेच नाही. तिकिटाच्या संकेतस्थळावर नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्हींची विमानं एकाच यादीत भाव पाहून लावलेली येतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. शेवटचं एक अक्षर. तिकीट काढताना ते अक्षर बोट ठेवून वाचायचं, परतीच्या तिकिटावर पुन्हा वाचायचं. कारण एकच कंपनी दोन्हीकडून उडते, जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असं आरामात होतं. टॅक्सीवाल्याला ‘एअरपोर्ट’ एवढंच सांगू नका, तोही विचारेलच.

आता ताई, तुमच्या बेतात जाणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाताना उशीर झाला तर काय? तुमची ताई मोपाला चहा पीत बसेल. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम धरून तिला बाहेर यायलाच तासभर जातो. सव्वाचारला उतरली तर सव्वापाचला बाहेर. तुम्ही पावणेतीनला उतरून, बॅगा घेऊन, सासूबाईंची व्हीलचेअर येऊन, सव्वातीन-साडेतीनला गाडीत बसाल. साडेपाचला मोपा. म्हणजे जमतं. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर रागावणारी माणसं घरचीच आहेत.

येताना मात्र उशीर झाला तर विमान जातं. देशांतर्गत विमानाचा बॅगा घेण्याचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. ताईचं आंतरराष्ट्रीय, तिने तीन तास आधी मोपाला पोचायचं. तुम्ही परुळ्याहून निघून मोपात तिला उतरवणार, मिठ्या मारणार, कोणाची तरी बॅग दुसऱ्या गाडीत गेलेली निघणार, मग संध्याकाळची पर्वरी ओलांडून दाबोळी गाठणार. परुळे ते दाबोळी सरळ गेलात तरी ११५-१२० किलोमीटर आहे, वर मोपासाठी महामार्ग सोडून आत जाऊन परत यायचे तेरा-चौदा. लग्नघरातून कोणी वेळेवर निघालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

माझा सल्ला: जायचं तिकीट हवं तर दाबोळीचं घ्या. यायचं मोपाचंच घ्या, महाग असलं तरी.

हैदराबादी_सून

हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. पण मग एक शंका. जायचं दाबोळीचं स्वस्त आहे म्हणता, तर त्या स्वस्ताईतून मोठ्या गाडीचं भाडं किती खाईल? आणि गाडी दाबोळीहून करू की मोपाहून? गावचा एक ओळखीचा चालक आहे, महाराष्ट्र पासिंग.

रतांबा

गावचा चालक येईल, पण दाबोळीपर्यंत रिकामा येणार म्हणजे त्या रिकाम्या सव्वाशे किलोमीटरचं डिझेल तुमच्याच बिलात. मोपाला बोलावलात तर निम्मा फरक. शिवाय गोव्यात टॅक्सीचा विषय नाजूक. ओला-उबर तिथे नाही. सरकारमान्य गोवा माइल्सचं अ‍ॅप आहे, विमानतळावर टॅक्सीचे काउंटर आहेत. बाहेरची भाड्याची गाडी विमानतळावर प्रवासी भरताना दिसली की स्थानिक चालकांशी तू-तू मैं-मैं होते. चालकाला तुमच्या नावाचं आगाऊ बुकिंग, कागदपत्रं, राज्याबाहेरचा परवाना घेऊन यायला सांगा. घरची खाजगी गाडी आणि घरचा माणूस असेल तर प्रश्नच नाही.

आगाऊ_कार्टं

चाळीस किलोमीटर हवाई, बासष्ट रस्ता, सव्वाशे डिझेल. आता ‘स्वस्त’ तिकिटाचा भाव पुन्हा सांगा.

वेर्ण्याची_शिफ्ट

कार्ट्याने पहिल्यांदा मुद्द्याचं लिहिलंय.

एक हिशोब करून बघा. परुळ्याला जाणाऱ्या माणसाला दाबोळी आणि मोपा यांच्यातलं अंतर काढायचंच कशाला? मोपा तुमच्या वाटेवर आहे, दाबोळी वाटेच्या मागे. तुम्ही तिकडे उतरून तेच बासष्ट किलोमीटर विकत घेताय. पाच-सहा माणसांचं तिकीट मिळून जे वाचतं त्यातून दाबोळी ते मोपा टॅक्सी वजा करा, सासूबाईंचे दोन तास वजा करा. काणकोण, मडगाव, कारवारला जाणारा असता तर मी उलट सांगितलं असतं. कारवारच्या माणसाने स्वस्त म्हणून मोपाला उतरू नये.

जुनोगोंयकार

बरोबर. आमच्याकडे सगळं मांडवीच्या अलीकडे का पलीकडे यावर ठरतं. किलोमीटर नंतर.

घाटमाथा

आमच्याकडचे लोक आंबोलीने उतरून सावंतवाडी-बांदामार्गे मोपाला जातात, दाबोळीला आता कोणी जात नाही. पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडी, तेव्हा दुप्पट वेळ. बेळगाववाले चोर्ल्याने उतरतात.

हैदराबादी_सून

रेल्वेने जमेल का? दाबोळी नावाचं स्टेशन दिसतंय नकाशात, आणि पेडणे स्टेशन मोपाजवळ.

धावपट्टी

नकाशात जमतं. दाबोळी स्टेशन आहे वास्को-मडगाव मार्गावर, दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे, तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. मडगावला उतरून कोकण रेल्वेची गाडी धरायची, थिवी किंवा पेडण्याला उतरायचं, तिथून पुन्हा रिक्षा-टॅक्सी. सासूबाई, बॅगा आणि लग्नातला आहेर घेऊन दोनदा गाडी बदलायची. त्यापेक्षा कोणी एकटा, पाठीवर सॅक घेतलेला असेल तर त्याने मडगावहून थेट कुडाळ गाठावं. परुळ्यासाठी कुडाळ स्टेशन मोपापेक्षा जवळ आहे.

बसचंही तसंच. कदंबच्या विद्युत बस मोपाहून पणजी, मडगावकडे जातात, दाबोळीहूनही पणजीला बस आहे. पणजीला बदलून जाता येतं. वेळ भरपूर असेल तर स्वस्त आणि मस्त. लग्नाच्या दिवशी नको.

तिकीट_खिडकी

आणि काका-काकूंचं चिपी. परुळे आणि चिपी म्हणजे अंगण आणि ओसरी, त्यांच्यासाठी उत्तम. ऑक्टोबर २०२१ ला तो विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी केवढा जल्लोष केला होता. पण तिथली उड्डाणं थोडी, बंद होतात, सुरू होतात, वेळापत्रक मोसमागणिक बदलतं. तिकीट काढण्याआधी तो वार आणि तो महिना खरंच आहे ना ते बघा, आणि रद्द झालं तर पुण्याहून मोपाचं विमान कोणतं हे आधीच हेरून ठेवा.

रतांबा

चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. मे महिन्याच्या सुरुवातीला हवा बरी असते. जूनपासून मात्र समुद्रावरून ढग आले की सड्यावर दहा पावलांवरचं दिसत नाही. तेव्हा चिपीचं विमान डोक्यावर घोंघावून परत गेल्याचे प्रसंग गाववाल्यांनी पाहिलेत. मोपाही पठारावरच, तिथेही पावसात विमानं वळवतात, दाबोळीला नाहीतर आणखी कुठे.

मुंबईचा_मामा

तुम्हा गोवेकरांचं ऐकून आम्हाला आमचं दिसतंय. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर विमानं सुरू झाली. सहार ते उलवे हवाई अंतर पंचवीस किलोमीटरसुद्धा नाही. बोरिवलीच्या माणसाला विचारा ते पंचवीस किती होतात ते. परवा एकाने एका तिकिटावर मुंबईत उतरायचं आणि तीन तासांनी दुसऱ्या तिकिटावर नवी मुंबईहून उडायचं असं ठरवलं होतं. बायकोने वाचवलं.

तिकीट_खिडकी

@मामा, हेच हेच. दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे पीएनआर असले की पहिलं विमान लेट झालं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. एकाच पीएनआरवर जोडविमान असेल तर पुढचं विमान मिळवून देणं कंपनीचं काम. एका गावचे दोन विमानतळ मध्ये आले की बॅग आपणच घ्यायची, आपणच वाहायची, परत सुरक्षा तपासणी. मी तरी गोव्यात दोन विमानतळांमध्ये सहा तासांपेक्षा कमी फरक असेल तर तिकीट काढून देत नाही. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

हैदराबादी_सून

सगळ्यांचे आभार. घरी बसून हिशोब केला. दाबोळीचं स्वस्त तिकीट घेऊन माणशी जे वाचत होतं ते टॅक्सीतच जात होतं, उरलं असतं ते सासूबाईंच्या गुडघ्याच्या मलमाला. जाता-येता दोन्ही तिकिटं मोपाची बघतेय. हैदराबादहून दुपारी दीडला पोचणारं एक आहे. मग ताईसाठी जवळजवळ पावणेचार तास थांबावं लागेल. गावच्या चालकाला मोपाला दोन फेऱ्या मारायला लावू की आम्ही तिथेच थांबू?

रतांबा

थांबू नका. दीडला उतरलात तर गोवा टॅक्सी करून साडेचारपर्यंत परुळे, सासूबाई पडतील आडव्या. ताईसाठी गावचा चालक छोटी गाडी घेऊन सव्वापाचला मोपाला. दोन गाड्यांचं भाडं दाबोळीच्या एका मोठ्या गाडीपेक्षा फार वर जाणार नाही, विचारून घ्या.

वेर्ण्याची_शिफ्ट

चालकाला सांगा, ताईचा ‘बाहेर आले’ असा फोन येईपर्यंत पिकअपच्या लेनमध्ये गाडी लावायची नाही. ठरावीक मिनिटांपुढे तिथे पैसे लागतात आणि सुरक्षावाले शिट्ट्या मारतात. पार्किंगमध्ये थांबावं किंवा जोडरस्त्याच्या खाली धारगळला चहा प्यावा.

धावपट्टी

आणि मस्कतचं विमान लेट आहे का ते चालकाने विमान क्रमांक टाकून मोबाइलवर बघावं, तिकिटावरची वेळ बघून नाही.

आगाऊ_कार्टं

लग्नाला आम्हाला बोलावणार का? मी मोपाहून पावणेदोन तासांत येतो.

हैदराबादी_सून

या की. पण काकांचा आत्ताच फोन आला, चिपीचं विमान त्या तारखेला नाही. पुणे-मोपा दुपारी सव्वाबाराचं मिळतंय. म्हणजे आता काका-काकू सव्वाबारा, आम्ही दीड, ताई सव्वाचार. रतांबा, पुन्हा हिशोब सांगा.

रतांबा

सोपा झाला. काकांना बॅगा घेऊन बाहेर यायला एक वाजेल, तिथेच जेवू दे त्यांना. तुम्ही दोनला बाहेर. सगळे मिळून एक मोठी गाडी, सासूबाईंना पुढची सीट, पाचच्या आत परुळे. ताईची गाडी वेगळीच राहू द्या. आणि काकांना सांगा, विमानतळावरचं जेवण महाग आहे, डबा घेऊन येऊ देत.